पेशी वाढतात, काम घटते : सिगारेटचा धूर आणि फुफ्फुसातील संरक्षक पेशी

सूक्ष्मदर्शी

रक्ततपासणीच्या अहवालांवर चाललेल्या धाग्यात भीमातीर यांनी मागच्या आठवड्यात विचारलेला एक प्रश्न थट्टेत वाहून गेला, म्हणून तो येथे वेगळा मांडत आहे. त्यांच्या अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या ११,८०० आली होती आणि इतर कारणे तपासून झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी ती धूम्रपानामुळे वाढली असावी असे सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते, की पांढऱ्या पेशी जर शरीराचे शिपाई असतील आणि सिगारेटमुळे शिपाई वाढत असतील, तर प्रतिकारशक्ती वाढली असे का म्हणू नये? अनेकांनी हसण्याची चिन्हे टाकली. मी बरीच वर्षे विकृतिशास्त्र शिकवले आहे आणि माझ्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

निरीक्षण तर खरेच आहे. नियमित धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण २० ते ३० टक्क्यांनी जास्त आढळतात. फुफ्फुसात हा फरक याहून कितीतरी ठळक दिसतो. दुर्बिणीने श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाच्या एका भागात मिठाचे निर्जंतुक पाणी सोडायचे आणि तेच परत ओढून घेऊन त्यातील पेशी मोजायच्या, या तपासणीला आमच्याकडे सरळ ‘लव्हाज’ म्हणतात. धूम्रपान करणाऱ्याच्या लव्हाजमध्ये चौपट-पाचपट, क्वचित त्याहूनही अधिक पेशी मिळतात. त्यांतील बहुसंख्य पेशी मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी असतात.

या पेशींचा वायुकोशातील नेहमीचा उद्योग समजून घेतला, की पुढचे कळायला सोपे जाते. वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की तेथे जरासा दाहही श्वासाला महाग पडतो. म्हणून तेथील मॅक्रोफेज स्वभावाने शांत असतात. धूळ, परागकण, चुकून आत आलेला एखादा जंतू हे सगळे त्या गाजावाजा न करता गिळतात आणि बाकीच्या पेशींना हाक मारण्याचे शक्यतो टाळतात. शिवाय आयुष्य संपलेल्या पेशी फुटून त्यांच्यातील विकरे (एन्झाइम) बाहेर सांडण्याआधीच त्यांना अख्खे गिळून टाकणे हेही त्यांचेच काम असते. हे दुसरे काम कोणाच्या लक्षात राहत नाही, पण आपल्या विषयात महत्त्वाचे तेच आहे.

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने मोजली गेली आहेत. त्यांपैकी ॲक्रोलीनसारखी काही थेट विषारी आहेत, काही मुक्त मूलके, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू आहेत आणि बरीचशी डांबरासारखी चिकट कणद्रव्ये आहेत. मॅक्रोफेज ही कणद्रव्ये गिळतात, पण पचवू शकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशीचा अंतर्भाग तपकिरी, कणीदार दिसतो. विद्यार्थ्यांना काचपट्टी दाखवून ‘हा माणूस काय करत असेल?’ असे विचारले, की मागच्या बाकावरूनही उत्तर अचूक यायचे. अमेरिकेत १९७४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयाबाहेर अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुफ्फुसे त्यात तपासली होती. धूम्रपान करणाऱ्यांच्या अगदी बारीक श्वासनलिकांमध्ये अशा तपकिरी पेशींचे पुंजके सापडले. ही माणसे ऐन पंचविशीच्या आसपासची होती आणि जिवंतपणी बहुधा कुणालाच धाप लागत नव्हती.

आता ‘शिपाई वाढले’ या मुद्द्याकडे येते. वाढलेल्या या पेशींची कामगिरी मोजली तर ती घटलेली आढळते. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होत जाणारा फुफ्फुसाचा दीर्घकालीन आजार. त्याच्या रुग्णांतील मॅक्रोफेज मरणोन्मुख पेशी गिळण्यात मागे पडतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि न्यूमोकॉकस हे जंतू गिळण्यातही त्या कमी पडतात, आणि या रुग्णांचा आजार वारंवार उसळवणाऱ्या जंतूंत नेमकी याच दोघांची नावे पुढे असतात. हाक मारण्याचे काम मात्र त्या अहोरात्र करतात. त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ओढल्या जातात आणि अस्थिमज्जेलाही आणखी पेशी पाठवण्याचा इशारा जातो. भीमातीर यांच्या अहवालातील ११,८०० हा आकडा बऱ्याच अंशी या अखंड हाकाटीचा पडसाद समजावा.

आलेले न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. ते मरतात, त्यांना वेळेवर उचलणारे कोणी उरलेले नसते, ते तेथेच फुटतात आणि त्यांच्यातील इलास्टेजसारखी प्रथिने तोडणारी विकरे वायुकोशाच्या भिंतीवर पडतात. वायुकोशाला लवचिकपणा देणारे इलास्टिन एकदा तुटले, की प्रौढ माणसात ते पूर्वीसारखे पुन्हा विणले जात नाही. शेजारशेजारचे वायुकोश एकमेकांत कोसळून मोठ्या पोकळ्या होतात आणि आपण त्याला एम्फिसीमा म्हणतो. भिंत पाडण्याचा बराचसा उद्योग आपल्याच पेशी करतात. धूर ते काम त्यांच्याकडून करवून घेतो.

भीमातीर

आपण माझा प्रश्न गांभीर्याने घेतलात, याबद्दल आभारी आहे. माझे वय ६१ असून ३४ वर्षे सिगारेट आणि त्याआधी काही काळ विडी ओढली आहे. ‘आपल्याच पेशी भिंत पाडतात’ हे वाचून थोडा वेळ सुन्न झालो.

दोन शंका आहेत. आमच्याकडे सोलापुरात विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य मानली जाते, कारण तिच्यात तंबाखू कमी आणि वर पान असते. पेशींच्या दृष्टीने यात काही तथ्य आहे का? दुसरी शंका अशी, की माझी आई विड्या वळत असे. तिने कधीही विडी ओढली नाही, तरी तिला खोकला कायम असायचा. तो याच गोष्टीचा भाग मानावा का?

सूक्ष्मदर्शी

विडीत तंबाखू कमी असतो हे बरोबर आहे, पण तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. विडी विझू नये म्हणून ती वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड फुफ्फुसात काही कमी पोहोचत नाहीत. विडी ओढणाऱ्याच्या काचपट्टीवरही त्याच तपकिरी पेशी दिसतात. सौम्यपणाचा समज किमतीमुळे पडला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आपल्या आईंच्या खोकल्याची जात मात्र थोडी वेगळी असू शकते. विड्या वळताना उडते ती तंबाखूची भुकटी असते, धूर नव्हे. तिच्यामुळे वरच्या आणि मोठ्या श्वासनलिका सतत चुरचुरतात. जळल्यावर निर्माण होणारी मुक्त मूलके आणि अतिसूक्ष्म कण तिच्यात नसतात. म्हणून ती निरुपद्रवी ठरते असे मात्र नाही. बंद खोलीत दिवसाला हजारभर विड्या वळणाऱ्या बाईच्या श्वासनलिकांना विश्रांती कधी मिळणार?

अबोली

लेख आवडला. मी सध्या जर्मनीत प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन ठिकाणी थोडी भर घालते आणि एका ठिकाणी नम्रपणे असहमती नोंदवते.

पहिली भर मॅक्रोफेज येतात कोठून याविषयी आहे. वायुकोशातील मूळ मॅक्रोफेज हे जन्माच्या सुमारास तेथे वस्तीला येतात आणि निरोगी फुफ्फुसात बराच काळ आपली संख्या आपणच राखतात. धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेल्या पेशींमध्ये मोठा भरणा रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून नव्याने तयार झालेल्यांचा असतो. त्यामुळे जुन्या पेशींची संख्या पाचपट झाली असे चित्र डोळ्यांसमोर आणण्यापेक्षा, मूळ रहिवाशांच्या शेजारी तापट स्वभावाचे नवे लोक राहायला आले असे समजणे अधिक योग्य ठरेल.

दुसरी भर स्टेरॉइडबद्दल आहे. दम्यात श्वासातून घेतलेले स्टेरॉइड सहसा चांगले काम करते, सीओपीडीत मात्र त्याचा परिणाम तोकडा पडतो. याचे एक कारण पेशीच्या केंद्रकात आहे. दाह वाढवणारी जनुके पुन्हा मिटवण्यासाठी स्टेरॉइडला एचडॅक-२ नावाच्या विकराची मदत लागते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील गटाने २००५ मध्ये दाखवले, की सीओपीडीच्या रुग्णांत या विकराची क्रिया घटलेली असते आणि आजार जितका तीव्र तितकी ती अधिक घटते. धुरातील मुक्त मूलकांमुळे ते विकर निकामी होते. धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यालाही स्टेरॉइडचा लाभ कमी होतो, हे यावरून समजण्यासारखे आहे.

असहमती अशी, की लेखात सगळा भार मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांच्यावर पडला आहे. सीओपीडीच्या फुफ्फुसात सीडी-८ जातीच्या टी पेशी, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५९ रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसाचे तुकडे तपासले गेले. आजार जसजसा वाढत गेला तसतशी बारीक श्वासनलिकांच्या भिंतीत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींनी भरलेल्या लसीका गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे शिकून तयार होणारी प्रतिकारव्यवस्थाही यात उतरलेली असते. ती नेमकी कशावर चाल करते, वसाहत केलेल्या जंतूंवर की धुराने बदललेल्या स्वतःच्याच प्रथिनांवर, यावर आमच्या क्षेत्रात आजही वाद चालू आहेत.

सूक्ष्मदर्शी

असहमती मान्य आहे. काचपट्टीवर जे डोळ्यांत भरते त्यावरच आम्ही जास्त बोलतो, हा आमच्या विषयाचा जुना दोष आहे. या दोषाचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. धूम्रपानाशी निगडित एका आजारात वायुकोश पेशींनी गच्च भरलेले दिसतात. १९६५ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा त्या पेशी भिंतीवरून सोलून पडलेल्या आहेत असा समज झाला आणि नावही ‘सोलवटीचा न्यूमोनिया’ अशा अर्थाचे पडले. त्या पेशी सोललेल्या नसून तपकिरी मॅक्रोफेज आहेत हे नंतर कळले. नाव मात्र अनेक दशके तसेच चालू राहिले.

निरंजन७२

मला दोन्ही बाजू तपासून पाहण्याची खोड आहे, म्हणून विचारतो. आपल्याच विकरांनी इलास्टिन तुटते हा सिद्धांत कशावरून सिद्ध झाला? सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात विकरे सापडली आणि भिंतीही पडलेल्या सापडल्या, यावरून एकामुळे दुसरे घडले असे म्हणता येत नाही. शिवाय रोज पाकीटभर सिगारेट ओढून ८५ व्या वर्षी ठणठणीत असलेले आजोबा प्रत्येक वाड्यात एक तरी असतात. त्यांच्या पेशी काय करत होत्या?

सूक्ष्मदर्शी

शंका रास्त आहे. या सिद्धांताची कथा मला स्वतःला फार आवडते, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिते.

१९६३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे लॉरेल आणि एरिक्सन हे दोघे रक्तरसातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगळी करून बनवलेल्या पट्ट्या पाहत होते. सुमारे १,५०० पट्ट्यांपैकी पाच पट्ट्यांवर अल्फा-१ या प्रथिनगटाचा पट्टाच उमटलेला नव्हता. त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयात एम्फिसीमा झालेला होता. जे प्रथिन गायब होते त्याचे मुख्य काम म्हणजे न्यूट्रोफिलच्या इलास्टेजला जखडून ठेवणे, हे पुढे स्पष्ट झाले. विकर मोकाट सुटले की भिंत पडते, असा निसर्गानेच करून ठेवलेला प्रयोग त्या पाच पट्ट्यांवर सापडला होता. ही आनुवंशिक कमतरता असलेला माणूस सिगारेट ओढत असेल, तर त्याला तिशी-चाळिशीतच धाप लागू शकते.

दुसरा पुरावा आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, कारण तिच्या चिकात प्रथिने तोडणारे पपेन असते. १९६५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे पपेन उंदरांच्या फुफ्फुसात सोडले आणि त्यांना एम्फिसीमा झाला. येथे जंतू नाही, धूरही नाही. केवळ विकर पुरेसे ठरले.

आता धुराचा संबंध पाहू. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या रक्षक प्रथिनाच्या साखळीत ३५८ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते आणि इलास्टेजला पकडणारा आकडा तेथेच असतो. धुरातील व दाहपेशींनी सोडलेली ऑक्सिडीकारके नेमके हेच मेथिओनिन बिघडवतात. म्हणजे आनुवंशिक दोष नसलेल्या माणसातही धूर हल्लेखोरांची संख्या वाढवतो आणि त्यांना आवरणारा हातही लुळा करतो.

सर्वांत थेट पुरावा १९९७ मधला आहे. मॅक्रोफेज तयार करत असलेले एमएमपी-१२ हे विकर ज्यांच्यात नाही असे उंदीर घेऊन त्यांना महिनोन्‌महिने सिगारेटचा धूर दिला. साध्या उंदरांना एम्फिसीमा झाला, या उंदरांना झाला नाही. गंमत अशी, की त्यांच्या फुफ्फुसात मॅक्रोफेजची गर्दीही फारशी जमली नाही. पुढे याचे स्पष्टीकरण मिळाले. इलास्टिनचे तुटलेले तुकडे स्वतःच मोनोसाइटना बोलावतात. भिंत तुटते, तुकडे हाक मारतात, नव्या पेशी येतात आणि त्या आणखी भिंत तोडतात. हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला धुराची गरज किती उरते, हा प्रश्न पुढे कोणी तरी विचारेलच.

आजोबांविषयी सांगायचे तर, पूर्वी धूम्रपान करणाऱ्यांपैकी १५ ते २० टक्क्यांनाच सीओपीडी होते असे पुस्तकांत असे. आयुष्यभर पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. उरलेल्यांना विकरांचा समतोल चांगला मिळाला असेल, किंवा त्यांनी तरुणपणी फुफ्फुसाची क्षमताच मोठी कमावली असेल. आणि वाड्यातील जे आजोबा ६२ व्या वर्षी गेले, त्यांची गोष्ट ओट्यावर सांगायला कोणी उरत नाही.

निरंजन७२

पपईचे उदाहरण पटले. आता प्रतिपक्षाचा आणखी एक मुद्दा मांडतो आणि थांबतो. सार्कॉइडोसिस (फुफ्फुसात दाहपेशींच्या बारीक गाठी होण्याचा आजार) आणि कबुतरांमुळे होणारा फुफ्फुसाचा ॲलर्जिक दाह हे आजार धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतात, असे मी वाचले आहे. दादरच्या कबुतरखान्याचा वाद पेटला होता तेव्हा एका परिचिताने हे सांगून सिगारेटचे समर्थन केले होते.

अबोली

ते निरीक्षण खरे आहे आणि ते या धाग्याच्या विषयातच बसते. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिनांविरुद्ध दाह उठण्यासाठी वायुकोशातील पेशींनी ती प्रथिने टी पेशींसमोर नीट मांडावी लागतात, आणि प्रतिपिंडेही तयार व्हावी लागतात. धूर ही मांडणी आणि प्रतिपिंडांची निर्मिती दडपतो. ज्या अधूपणामुळे न्यूमोकॉकस निसटतो, त्याच अधूपणामुळे कबुतराचे प्रथिनही दुर्लक्षिले जाते. पहारेकरी झोपलेला असल्यामुळे पाहुण्यांवर भुंकला नाही, हे त्याच्या सौजन्याचे लक्षण मानता येत नाही. शिवाय धूम्रपान करणाऱ्याला हा आजार झालाच, तर तो चिवट होण्याकडे कल असतो.

आपल्या परिचितांना उलट बाजूचे उदाहरणही सांगावे. फुफ्फुसातील लँगरहान्स नावाच्या प्रतिकारपेशींचा एक दुर्मीळ आजार असतो. त्यात या पेशींचे पुंजके होऊन फुफ्फुसात गाठी व पोकळ्या तयार होतात, आणि त्याचे ९० टक्क्यांहून अधिक प्रौढ रुग्ण धूम्रपान करणारे असतात. काहींच्या बाबतीत सिगारेट सोडणे एवढाच उपचार पुरतो.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात अनेक वर्षे क्षयरुग्णांबरोबर काम करणारा डॉक्टर आहे. चर्चा सीओपीडीभोवतीच फिरते आहे, म्हणून क्षयाविषयी लिहितो. आमच्याकडे मॅक्रोफेजचा अधूपणा सर्वांत महाग पडतो तो तेथेच.

क्षयाचा जंतू वायुकोशात शिरतो तेव्हा त्याला प्रथम भेटतो तो मॅक्रोफेजच. जंतू त्याच्याच पोटात घर करतो. मॅक्रोफेज सुदृढ असेल तर तो जंतूला कोंडून ठेवतो आणि बाकीच्या पेशी येऊन भोवती गाठ बांधतात. २००३ मध्ये तमिळनाडूतील सुमारे ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा आणि ३५,००० जिवंत पुरुषांचा तुलनात्मक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाले. भारतातील पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांचा संबंध धूम्रपानाशी लागतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. त्यात विडी ओढणारेही मोठ्या संख्येने होते. गावात मी हा आकडा सांगतो तेव्हा लोक विचारतात, की क्षय तर जंतूने होतो, विडीचा काय संबंध?

याचे एक सुंदर उत्तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या एका गटाने दिले. त्यांचा मूळ अभ्यास झेब्राफिश या लहानशा माशावर होता. पेशीतील पचनाच्या पिशव्या, म्हणजे लायसोसोम, न पचलेल्या मालाने तुंबल्या की मॅक्रोफेज सुस्तावतो, जंतूकडे धावत नाही आणि क्षयाच्या गाठी फुटून जंतू बाहेर पडतात, असे त्यांना दिसले. मग त्यांनी धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसातील मॅक्रोफेज तपासले. त्यांचे लायसोसोमही धुराच्या कणांनी तुंबलेले होते आणि त्या पेशी क्षयाच्या जंतूच्या दिशेने नीट सरकत नव्हत्या. सूक्ष्मदर्शी यांनी वर वर्णन केलेला तपकिरी रंग तो हाच. मी आता गावात सांगतो, की ज्याचे पोट आधीच तट्ट भरले आहे त्याला पंगतीत बसवून काय उपयोग? हे लगेच पटते.

एक व्यावहारिक सूचना करतो. क्षयाचे औषध सुरू करताना विडी सोडण्याविषयी एकदा सांगून भागत नाही. औषध नेण्यासाठी रुग्ण जितक्या वेळा येतो तितक्या वेळा तो विषय काढावा लागतो.

कोयनाकाठ

माझी आई ७० वर्षांची असून तिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, तरीही तिला सीओपीडीचे निदान झाले आहे. नातेवाईक कुजबुजतात, की लपून मिश्री लावत असेल. पाटणजवळच्या आमच्या गावात तिने ४० वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. चुलीच्या धुराचा पेशींवर होणारा परिणाम सिगारेटसारखाच असतो का?

वैनगंगा

नातेवाइकांना सांगा, की जगभरातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी साधारण २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. हा अंदाज पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला होता. मिश्रीचे दुष्परिणाम आहेत, पण सीओपीडीचा आळ तिच्यावर घालण्याची गरज नाही.

चुलीच्या धुरातही सूक्ष्म कण आणि ऑक्सिडीकारके असतात आणि तेही मॅक्रोफेज गिळतात. फरक असा दिसतो, की चुलीमुळे झालेल्या आजारात बारीक श्वासनलिकांभोवती जाडी व व्रण जास्त असतात, तर सिगारेटमुळे झालेल्या आजारात भिंती कोसळून झालेला एम्फिसीमा अधिक असतो.

सूक्ष्मदर्शी

यात एक भर घालते. मॅक्रोफेज हा श्वासातून आत गेलेल्या हवेचा हिशेब ठेवतो. इंग्लंडमधील लेस्टर शहरातील मुलांच्या मॅक्रोफेजमधील कार्बनचे क्षेत्रफळ मोजून २००६ मध्ये दाखवले गेले, की कार्बन जितका जास्त तितकी फुफ्फुसाची क्षमता कमी. तो धूर प्रामुख्याने वाहनांचा होता. आपल्या आईंच्या पेशींत ४० वर्षांच्या सरपणाचा हिशेब असणार.

भीमातीर

आता माझा खरा प्रश्न विचारतो. मी तीन आठवड्यांपूर्वी सिगारेट सोडली आहे. निरंजन यांना उत्तर देताना आपण लिहिले होते, की हे चक्र फिरू लागले की त्याला धुराची गरज किती उरते, असे कोणी तरी विचारेलच. ते विचारणारा मीच. सोडल्यावर पेशी पूर्ववत होतात का?

अबोली

काका, अभिनंदन. उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, आणि दुसरा भाग फारसा गोड नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील गटाने १,००० निरोगी फ्रेंच नागरिकांच्या रक्तावर केलेला अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्ताच्या नमुन्यांना वेगवेगळे जंतुघटक देऊन पेशी कसा प्रतिसाद देतात हे त्यांनी मोजले. जन्मजात प्रतिकारव्यवस्थेचा, म्हणजे मोनोसाइटसारख्या पेशींचा, धुरामुळे भडकलेला प्रतिसाद धूम्रपान सोडलेल्यांत पूर्ववत झालेला होता. टी आणि बी पेशींच्या प्रतिसादातील बदल मात्र सोडल्यानंतरही वर्षानुवर्षे टिकून होता. या टिकाऊपणाचा संबंध डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणांशी लागला. जनुके तीच राहतात, त्यांतील कोणती उघडायची आणि कोणती मिटायची याच्या खुणा बदलतात.

तो अभ्यास निरोगी माणसांच्या रक्ताचा होता, हे लक्षात ठेवावे. ज्यांना सीओपीडी जडलेले आहे, त्यांच्या श्वासनलिकांतील दाह धूम्रपान सोडल्यावरही चालू राहतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

वैनगंगा

भीमातीर यांनी एवढेच वाचून निराश होऊ नये, म्हणून दुसऱ्या बाजूचा आकडा देतो. अमेरिका व कॅनडातील ‘लंग हेल्थ स्टडी’ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील सीओपीडी असलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना घेतले होते. ११ वर्षांनंतर पाहिले, तेव्हा ज्या पुरुषांनी सोडले होते त्यांची एका सेकंदात जोराने सोडलेल्या हवेची क्षमता वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटत होती. ज्यांनी चालूच ठेवले त्यांची सुमारे ६६ मिलिलिटरने. दाह पूर्ण विझत नसेल, पण घसरण निम्म्याहून कमी होते. पडलेली भिंत परत उभी राहत नाही, उभी असलेली टिकवता येते.

आपण अद्याप केलेली नसेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची तपासणी, करून घ्यावी. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसीविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारावे. न्यूमोकॉकस रक्तात पसरून होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका, एरवी निरोगी असलेल्या प्रौढांतही, धूम्रपानामुळे सुमारे चौपट होतो असे आढळले आहे.

निरंजन७२

हा सगळा दाह पेशींचा खेळ असेल, तर सांधेदुखीत वापरतात तशी दाह थोपवणारी जैविक औषधे देऊन तो थांबवता का येत नाही?

अबोली

प्रयत्न झाले. टीएनएफ हा दाहाचा संदेश अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब सीओपीडीत वापरून पाहिले, २००७ मध्ये निकाल आला आणि लाभ दिसला नाही. एक संदेश अडवला तरी पेशींकडे दुसरे अनेक असतात. अलीकडे ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त आहेत अशा निवडक रुग्णांत डुपिलुमॅब या जैविक औषधामुळे आजार उसळण्याचे प्रमाण घटले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला सीओपीडीसाठी मान्यता मिळाली. अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अल्प मात्रेत दीर्घकाळ दिल्यास काहींचा आजार कमी वेळा उसळतो, आणि ते मॅक्रोफेजची गिळण्याची क्षमताही सुधारते असे प्रयोगांत दिसते. मात्र जे अजून सिगारेट ओढतात त्यांना त्याचा फायदा फारसा होत नाही.

कोयनाकाठ

माझा मुलगा म्हणतो, की ई-सिगारेटमध्ये जळणे नसल्यामुळे हे काहीच लागू होत नाही.

सूक्ष्मदर्शी

भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, हे त्याला आधी सांगावे. त्याच वर्षी अमेरिकेत वाफ ओढणाऱ्या तरुणांमध्ये फुफ्फुसाच्या तीव्र इजेची साथ आली होती आणि त्यांच्या लव्हाजमध्ये मेदाच्या थेंबांनी भरलेले मॅक्रोफेज सापडले. त्या साथीचा मुख्य संबंध वाफेच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई ॲसिटेटशी लागला. प्रत्येक ई-सिगारेटमध्ये ते असते असे नाही. पण जळणे नसले तरी फुफ्फुसात गेलेला माल गिळायला पुढे येते ती पेशी तीच.

भीमातीर

स्पायरोमेट्रीची वेळ घेतली आहे. शेवटची शंका केवळ कुतूहलापोटी विचारतो. माझ्या फुफ्फुसातील त्या तपकिरी पेशी आता जातील का?

सूक्ष्मदर्शी

संख्या येत्या काही महिन्यांत उतरेल. रंग मात्र चिवट असतो. एक मॅक्रोफेज मेला की त्याच्या पोटातील न पचलेला माल शेजारचा मॅक्रोफेज गिळतो, त्यामुळे तो ऐवज पेशीकडून पेशीकडे वारसाहक्काने जात राहतो आणि हळूहळू फिकट होतो. धूम्रपान सोडून कित्येक वर्षे झालेल्या माणसांच्या बारीक श्वासनलिकांतही तपकिरी पेशींचे तुरळक पुंजके आढळल्याच्या नोंदी आहेत. अशा काचपट्टीवर रंग चहाच्या डागासारखा फिका दिसतो आणि भोवतीची गर्दी ओसरलेली असते. स्पायरोमेट्रीचा अहवाल आला की आकडे येथे लिहावेत, वैनगंगा आणि मी पाहू.